माळाचा नकाशा करायचा, तर खर्च किती?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावची चार पोरं माझ्याकडे आली. गावच्या माळावर झाडं लावायला खड्डे खोदायचं घाटत होतं. हा माळ ओसाड नाही, इथे लांडगे आहेत, चिंकारा आहेत, धनगरांची मेंढरं आठ महिने चरतात, हे त्यांना नकाशानिशी दाखवायचं होतं. हातात एका सल्लागाराचं दरपत्रक होतं. बेरीज पावणेदोन लाखांची, आणि त्यात एक ओळ अशी : 'उपग्रह चित्रे – ४५,००० रुपये'. कोणत्या उपग्रहाची, एवढंच फोन करून विचारा, असं मी म्हटलं. उत्तर आलं, सेंटिनल-२ची.

ही चित्रं युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातून येतात आणि जगात कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. सल्लागाराने मेहनताना जरूर मागावा. ढगांची चित्रं बाजूला काढणं, चांगल्या तारखा निवडणं, ती एकमेकांशी जुळवणं हे दिवसच्या दिवस खाणारं काम आहे. पण मग ते मेहनताना म्हणूनच लिहायला हवं. फुकटच्या वस्तूची किंमत लावलेली दिसली, की त्या कागदावरच्या बाकीच्या आकड्यांवरचाही माझा विश्वास उडतो.

पोरांनी शेवटी नकाशा स्वतः केला. रोख खर्च चाळीस हजारांच्या थोडा वर गेला आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा माळ पायी तुडवण्यात गेला. त्याच अनुभवावर हे लिहितो आहे. तुमचा विषय माळाऐवजी खारफुटी असेल, देवराई असेल किंवा ओढ्याचं पाणलोट असेल, तरी हिशेबाची घडी फारशी बदलत नाही.

जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, ही गोष्ट ऐकायला वाटते तेवढी अवघड नाही. एकाच जागेबद्दलच्या माहितीचे थर, म्हणजे उंची, पाऊस, माती, झाडोरा, गट क्रमांक, एकावर एक बरोबर बसवायचे आणि मग त्या चळतीला प्रश्न विचारायचे. खर्च ठरतो तो प्रश्नावरून. 'आमच्या गावात माळ कुठे कुठे आहे?' हा स्वस्त प्रश्न. 'वीस वर्षांत किती घटला?' हा थोडा महाग, कारण जुनी चित्रं लागतात आणि जुन्या काळात जाऊन खात्री करता येत नाही. 'या माळावर गवताच्या कोणत्या जाती आहेत?' हा प्रश्न उपग्रहाला विचारूच नका. त्यासाठी गवत ओळखणारा माणूस गाठा आणि त्याच्यासोबत चाला. प्रश्न एका वाक्यात लिहून झाल्याशिवाय कुणाकडूनही दरपत्रक मागवू नका.

जे फुकट आहे

सेंटिनल-२चं चित्र दर पाच दिवसांनी मिळतं आणि त्यातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर भरतो. एका हेक्टरात शंभर ठिपके. माळाचे पट्टे, शेतं, ओढे एवढ्यात चांगले वेगळे काढता येतात. सेंटिनल-२ येण्याआधीच्या काळासाठी अमेरिकेचा लँडसॅट आहे. पहिला १९७२ साली उडाला. आज जी चित्रं वापरतात त्यांचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे हेक्टरात जेमतेम अकरा. एके काळी या एकेका चित्राला चार हजार डॉलरहून जास्त मोजावे लागत. २००८ साली सगळा संग्रह मोफत खुला झाला आणि पर्यावरणाच्या अभ्यासाची दिशाच बदलली. त्याआधी आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयाला वीस वर्षांचा बदल तपासायचा म्हटलं, तर ते केवळ पैशांमुळे जमत नव्हतं.

आपल्याकडे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं 'भुवन' २००९पासून आहे. त्याच केंद्राच्या 'भूनिधी'वर भारतीय उपग्रहांची चित्रं मिळतात. ५ मीटर किंवा त्याहून ठोकळ चित्रं सर्वांना मोफत द्यावीत, असं २०२३च्या भारतीय अंतराळ धोरणाने ठरवलं आहे. उंचीसाठी २००० साली अंतराळयानातून अकरा दिवसांत मोजलेली एसआरटीएमची माहिती आहे, कार्टोसॅटची आहे. दोन्ही फुकट. फक्त सपाट माळावर एखाद-दोन मीटरच्या चढउताराचा विषय असेल, समतल चर आखायचे असतील, तर या उंचीवर विसंबू नका. तेवढी बारीक ती नाही.

विकतचं चित्र कधी घ्यावं? एकेक बाभूळ मोजायची असेल तेव्हाच. अर्ध्या मीटरच्या ठिपक्याची जुनी चित्रं दर चौरस किलोमीटरला साधारण दहा ते पंचवीस डॉलरला विकतात आणि एकदम किमान २५ चौरस किलोमीटर घ्यावी लागतात. म्हणजे तुमचा माळ तीन चौरस किलोमीटरचा असला तरी पंचवीसचे पैसे. नव्याने काढून घ्यायचं चित्र याहून महाग, आणि त्याची किमान मर्यादाही मोठी. गावपातळीच्या कामासाठी मी आजवर एकदाही याची शिफारस केलेली नाही.

सॉफ्टवेअरसाठी क्यूजीआयएस. २००२ साली सुरू झालेलं, मुक्त, फुकट, आणि आता इतकं भक्कम की सरकारी कार्यालयांतही वापरतात. आर्कजीआयएसचा विद्यार्थ्यांसाठीचा परवाना वर्षाला १०० डॉलरच्या आसपास पडतो. नोकरीच्या जाहिरातीत ते मागत असतील तर शिकायला घ्या, पण तुमच्या नकाशासाठी त्याची गरज नाही. शिकण्यासाठी डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क असतात. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात क्यूजीआयएसचे धडे आहेत.

लॅपटॉप नवा घ्यायचाच असेल तर १६ जीबी रॅमचा घ्या. ५५ ते ७० हजारांत मिळतो. पण आधी थांबा. सेंटिनलची एक फरशी ११० किलोमीटर बाय ११० किलोमीटरची असते आणि वजनाला एक जीबीच्या आसपास. वर्षभराची चित्रं उतरवलीत तर डिस्कही भरते आणि डेटाही संपतो. गूगल अर्थ इंजिनवर मात्र चित्रं तिथेच राहतात, आकडेमोडही तिथेच होते आणि तुमच्याकडे फक्त उत्तर येतं. संशोधनासाठी आणि बिगर-व्यावसायिक कामासाठी ते विनामूल्य आहे. थोडी आज्ञावली शिकावी लागते. आमच्या पोरांनी आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर सगळं काम केलं. विकत घेतली ती एक बाहेरची हार्ड डिस्क आणि एक पॉवर बँक.

जे वेळ खातं

गाव नकाशा. यासाठी पैसे कमी लागतात पण चिकाटी फार लागते. गटांच्या हद्दी महाभूनकाशावर पडद्यावर दिसतात, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कलही मिळते. पण या कागदाला अक्षांश-रेखांश नसतात. मग स्कॅन करून तो उपग्रह चित्रावर बसवायचा. त्यासाठी दोन्हीकडे ठळक दिसणाऱ्या जागा लागतात : जुनी विहीर, ओढ्यांचा संगम, देऊळ, तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला दगड. असे दहा-बारा बिंदू सापडले तर नकाशा बऱ्यापैकी बसतो. आम्हाला एका गावासाठी पाच दिवस लागले, कारण दोन विहिरी बुजल्या होत्या आणि ओढा सरळ करून टाकला होता. असा बसवलेला नकाशा अभ्यासाला चालतो, भांडणाला नाही. हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणीच लागेल, हे गावाला पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे ५०,००० प्रमाणातले नव्या मालिकेचे नकाशे ऑनलाइन उतरवून घेता येतात. जुन्या मालिकेचा पिवळा पडलेला कागद वापरणार असाल तर सावध असा. त्याचा पाया एव्हरेस्ट गोलाभ आहे आणि तुमच्या मोबाइलचा डब्ल्यूजीएस-८४. हे न जुळवता एकावर एक ठेवलंत, तर ओढा शेजारच्या शेतातून वाहायला लागतो. आणि क्षेत्रफळ मोजायच्या आधी प्रक्षेपण तपासा. ७८ रेखांशाच्या पश्चिमेचा महाराष्ट्र यूटीएमच्या ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येतो. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४मध्ये. पैसे देऊन करून घेतलेल्या अहवालातसुद्धा मी नागपूरकडचं क्षेत्र ४३मध्ये मोजलेलं पाहिलं आहे. दरपत्रक देणाऱ्याला हा एक प्रश्न विचारा : पट्टा कोणता वापरणार? लगेच उत्तर देणारा माणूस कामाचा.

तारखांचंही तसंच. पावसाळ्यात गवत ऐन भरात असतं तेव्हा वर ढग असतात, चित्र मिळत नाही. आपल्याकडे ऑक्टोबरात आभाळ उघडतं. एकाच तारखेच्या चित्रावर कधीही भागवू नका. एप्रिलमध्ये माळ आणि रिकामं शेत दोन्ही सारखेच भुरे दिसतात. ऑक्टोबर, डिसेंबर आणि एप्रिल अशी तीन चित्रं शेजारी ठेवली की फरक कळतो, कारण डिसेंबरात ज्वारीचं रान हिरवं असतं आणि माळ पिवळा. हिरवेपणा मोजायला एनडीव्हीआय नावाचं सोपं गणित आहे. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि त्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतो. त्या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागायचं. उत्तर उणे एक ते अधिक एक यांमध्ये येतं. क्यूजीआयएसमध्ये एका ओळीचं काम.

जिथे पैसा घालायचा

तयार नकाशे फुकट मिळत असताना हा सगळा खटाटोप कशाला, असं कुणीतरी विचारतंच. युरोपीय अंतराळ संस्थेचा 'वर्ल्डकव्हर' हा जगाचा १० मीटरचा नकाशा आहे आणि तो उत्तम आहे. पण त्याच्या २०२१च्या आवृत्तीचा जगभरचा एकूण अचूकपणा सुमारे ७७ टक्के आहे. म्हणजे साधारण चारातली एक जागा चुकू शकते, आणि माळरान हे चुकायचं हमखास ठिकाण. आपल्या सरकारी दफ्तरातही माळ बरेचदा 'पडीक'च्या रकान्यात पडतो. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी देशभरातल्या अशा खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा केला, तेव्हा त्या भारताच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा भरल्या. एवढी जमीन आपण 'काही नाही' म्हणून मोजत आलो आहोत. झाड नाही म्हणजे निसर्ग नाही, या समजुतीने तणमोर आणि माळढोक यांची घरं गेली. तुमच्या गावचा माळ त्यात जाऊ नये असं वाटत असेल, तर नकाशावरच्या प्रत्येक रंगाची जमिनीवर जाऊन खात्री करावी लागेल.

किती ठिकाणी जायचं? प्रत्येक वर्गामागे किमान ५० बिंदू, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. माळ, शेती, झुडपं आणि बांधकाम-पाणी असे चार वर्ग धरले तर २०० बिंदू. ते संगणकाकडून चिठ्ठ्या टाकल्यासारखे काढून घ्यायचे. आपण निवडले तर नकळत रस्त्याकडेचेच निवडतो. मोबाइलवर क्यूफील्ड किंवा एसडब्ल्यू मॅप्स ही फुकटची ॲप टाकायची. उघड्या माळावर मोबाइल चार-पाच मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतो. बिंदूच्या चहूबाजूंना ३० मीटरपर्यंत काय आहे ते बघायचं, चारी दिशांचे फोटो घ्यायचे आणि पुढे जायचं.

पोरांसोबत मी तीन दिवस हिंडलो. ११७ क्रमांकाचा बिंदू मला अजून आठवतो. आमच्या पहिल्या नकाशात तिथे 'उघडी जमीन' असा रंग होता. गाडी पाणंदीत लावून आम्ही चढ चढलो. मोजे कुसळांनी भरले. वर मुरमाड पठार, घोट्याएवढं वाळलेलं गवत, मधूनमधून काळे खडक, आणि समोरून धाविकाची एक जोडी पळत गेली. जरा थांबायची, परत पळायची. मेंढरं घेऊन एक मामा येत होते. एका पोराने त्यांना मोबाइलचा पडदा दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "उघडी कशी म्हंता हिला? भादव्यात या की. गुडघाभर गवात आसतंय. त्यो पलीकडचा तुकडा बघा, तिथं दोन वर्सं नांगूर न्हाई, पर ते रानच हाय. ह्यो माळ."

आम्ही जाऊन पाहिलं. पलीकडच्या तुकड्यात गवताखाली फाळाच्या जुन्या रेघा दिसत होत्या. उपग्रहाला दोन्ही सारखेच होते. त्या एका बोलण्यावरून आम्ही वर्गीकरण पुन्हा केलं आणि पड टाकलेल्या रानांसाठी तीन वर्षांची चित्रं तपासली. त्या मामांना आम्ही पुढचे सगळे दिवस मजुरी देऊन सोबत घेतलं. जाणकार माणसाचा वेळ फुकट समजू नये. उपग्रहाला जे कळलं नव्हतं, ते त्यांना उभ्या जागी कळलं होतं.

आता आकडे. दिवसाला बारा-तेरा बिंदू होतात, म्हणजे २०० बिंदूंना सोळा दिवस. मोटरसायकलच्या पेट्रोलला दिवसाचे २००, दोघांच्या जेवणाला ४००, सोबतच्या माणसाला ७०० : झाले १,३००. सोळा दिवसांचे २०,८००. हार्ड डिस्क आणि पॉवर बँकेला ७,०००. इंटरनेटला दीड हजार, नकलांना आणि फीला एक हजार. मोठ्या आकारातल्या छापील नकाशांना दोन हजार. गावबैठकींच्या चहा-नाश्त्याला तीन हजार. आणि पाच हजार हाताशी, कारण गाडी पंक्चर होते आणि अवकाळी पाऊस येतो. एकूण ४०,३००. मुक्काम करावा लागणार असेल, जीप लागणार असेल, तर हाच आकडा सहज दुप्पट होतो.

यात पोरांच्या स्वतःच्या कामाचा मोबदला नाही. ते त्यांचं गाव होतं म्हणून चाललं. तुमच्या संस्थेत कुणी शिकलेलं नसेल, तर भू-माहितीशास्त्र शिकलेली मुलं पुण्यात, नागपुरात, मुंबईत भेटतात. तीन महिन्यांसाठी महिना वीस ते पंचवीस हजार धरा, म्हणजे साठ ते पंच्याहत्तर हजार. निधी मागताना हा आकडा वगळू नका. 'विद्यार्थ्याला अनुभव मिळेल' या सबबीखाली त्याला फुकट राबवणं मला पटत नाही. करारात एवढं लिहून घ्या की शेवटी चकचकीत पीडीएफसोबत मूळ थर, वर्गीकरणाची आज्ञावली आणि २०० बिंदूंचा तक्ता तुम्हाला मिळेल. पुढच्या वर्षी पुन्हा तुलना करायची, तर याच्याशिवाय होत नाही. आणि अचूकपणा वर्गवार मागा. नकाशाने माळ म्हटलेल्या पन्नास जागांपैकी समजा एक्केचाळीस खरोखर माळ निघाल्या, तर तुमच्या माळाचा अचूकपणा ८२ टक्के. एकूण अचूकपणा ९० टक्के असं सांगून माळाचा ६० टक्के झाकता येतो.

ड्रोनबद्दल सगळेच विचारतात. दिवसाचे दर आमच्या भागात वीस ते चाळीस हजार ऐकायला मिळतात. दोन किलोपर्यंतचा ड्रोन बिगर-व्यावसायिक कामासाठी उडवायला २०२१च्या नियमांनुसार वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, पण ड्रोनची नोंदणी लागते. हिरव्या क्षेत्रातच आणि ४०० फुटांखालीच उडवायचा, त्या दिवसाचा हवाई क्षेत्राचा नकाशा पाहूनच. वनजमिनीवर वनखात्याची परवानगी वेगळी. धूप किंवा खड्डे मोजायचे असतील तर ड्रोनला तोड नाही. पण जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात माळावर ड्रोन आणू नका, अगदी कुणी फुकट देत असला तरी.

सर्वांत महाग चूक पैशांत मोजता येत नाही. नकाशा खुला करताना लांडग्याच्या गुहेचा, घुबडाच्या कपारीचा बिंदू त्यात राहून गेला, तर तुम्ही शिकाऱ्याला पत्ता दिलात. आयनॅचरलिस्टसारखं संकेतस्थळ धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप वीसेक किलोमीटरच्या चौकोनात धूसर करतं. तुम्हीही तसंच करा : गावाच्या नकाशावर रंग दाखवा, बिंदू दाखवू नका. मूळ तक्ता दोघातिघांकडेच ठेवा.

छपाईचे दोन हजार मात्र वाचवू नका. आमचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला, दाराएवढा, गट क्रमांकांसह. पहिले दोन दिवस लोक आपापलं शेत शोधत राहिले. तिसऱ्या दिवशी सरपंचताईंनी पेन्सिल मागितली आणि खड्ड्यांसाठी ठरलेल्या गटांवर एकेक खूण करत गेल्या. अकरापैकी सात खुणा पिवळ्या रंगावर, म्हणजे माळावर पडल्या. उरलेल्या चार बांधकडेच्या होत्या. तिथे झाडं लावायचं त्याच बैठकीत ठरलं आणि सात गटांचा ठराव पुढच्या ग्रामसभेकडे गेला.